डेल्फ्टला शिकायला जायचं आणि थिसिस कृष्णेवर करायचा, जमतं का?

मिरजेची_पूर्वा: नमस्कार मंडळी. मी सिव्हिल झालीये, तीन वर्षं पुण्यात एका कन्सल्टन्सीत ड्रेनेजची कामं करतेय. २०१९ च्या ऑगस्टमधे सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५, तेव्हा मामाच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं आणि आज्जीला बोटीतून काढावं लागलं. २०२१ ला परत पूर. तेव्हापासून डोक्यात एकच आहे, पुराचं नीट शिकायचं. नेदरलँड्सच्या आयएचई डेल्फ्ट या पाण्याविषयी शिकवणाऱ्या संस्थेचा बारा महिन्यांचा मास्टर्स बघून ठेवलाय पण फी प्लस राहण्याचा खर्च घरी झेपणार नाही. आणि एक सर म्हणाले तिकडं गेलीस की त्यांच्याच नद्यांवर काम करावं लागेल, मग उपयोग काय? माझ्या जुन्या कॉलेजचाही एका परदेशी विद्यापीठाशी एमओयू म्हणजे सहकार्याचा करार आहे म्हणे, त्यातून काही होतं का? कुणी केलंय का असं काही?

पाणक्या: पूर्वा, मी आयएचईला होतो, तेव्हा कोर्स अठरा महिन्यांचा असायचा. तुझ्या सरांचं म्हणणं मला पटत नाही. ती संस्था सुरूच झाली १९५७ ला बाहेरच्या देशांतल्या इंजिनिअर लोकांसाठी, आत्ताच्या बांगलादेशातून पुरानंतर मागणी आली होती त्यावरून, त्यामुळे वर्गात इथिओपिया, कोलंबिया, व्हिएतनाम असे सगळीकडचे आणि जो तो आपापल्या नदीचा डेटा घेऊन बसलेला. माझा थिसिस भीमेवर होता, कुणी अडवलं नाही. उलट गाइडला तेच हवं होतं कारण नदी माहिती असलेला माणूस आयता मिळतो.

पण तिथल्या नद्याही बघच. आम्हाला नायमेगन या नदीकाठच्या शहरात नेलं होतं. १९९३ आणि १९९५ ला त्या भागात मोठे पूर आले, १९९५ ला अडीच लाख लोक हलवले, आणि त्यानंतर त्यांनी ठरवलं की बांध नुसता उंच करत बसायचं नाही, नदीला जागा द्यायची. नायमेगनसमोर लेंटला बांध ३५० मीटर मागं घेतला, मधे नदीचा दुसरा फाटा खणला, त्यासाठी पन्नासेक घरं उठवली. ते बघताना मला सारखी सांगलीची पूररेषेतली बांधकामं आठवत होती. घरं उठवायच्या आधी लोकांशी वर्षानुवर्षं बोलणी झाली, पैसे दिले, ते कसं केलं ते शिकून ये. पुराचं मॉडेल काय, त्याचं एचईसी-रास हे सॉफ्टवेअर तू पुण्यात बसूनही फुकट शिकशील.

खर्चाचं म्हणशील तर रोटरी फाउंडेशनची आयएचईसाठी शिष्यवृत्ती असायची, अजून चालू आहे का ते आधी बघ. आधी तिथं ॲडमिशन पाहिजे, मग आपल्या गावाकडच्या रोटरी क्लबनं तुला पुढं करावं लागतं. म्हणून आत्ताच मिरज-सांगलीतल्या क्लबला जाऊन भेट, फॉर्म भरायच्या आठवड्यात नको. घरात कुणी रोटेरियन असेल तर अडचण येते, ते आणि यंदाचे नियम बघून घे.

गोदाकाठ: एमओयूबद्दल मी सांगते, मी एका विद्यापीठात शिकवते, नाव नको. आमच्याकडं तसे सात-आठ करार आहेत, सह्या झाल्या फोटो झाले आणि पाच वर्षांत एकही मुलगी तिकडं गेली नाही की तिकडून कुणी आलं नाही, कारण प्रवासाचा खर्च कोण करणार हे करारात लिहिलेलंच नव्हतं. फार वाईट वाटतं, मुलं आशेनं विचारायला येतात. तू कॉलेजात जाऊन सरळ विचार, मागच्या दोन वर्षांत कोण गेलं, पैसे कुणी दिले, दोन्हीकडं गाइड कोण आहेत. नावं सांगता आली तर तो करार खरा समज.

पवईकर_रिसर्चर: पुढं पीएचडीचा विचार असेल तर आयआयटी बॉम्बे-मोनाश बघ, २००८ पासून आहे, एक गाइड पवईत एक मेलबर्नला, काही महिने तिकडं आणि डिग्री दोन्ही विद्यापीठांची मिळून. आयएचईचीही सँडविच पीएचडी असते, थोडा काळ डेल्फ्ट, बाकी आपल्या देशात.

डेटाबद्दल, कृष्णा घेतलीस हे चांगलं झालं. गंगा, ब्रह्मपुत्रा, सिंधूचा नदीप्रवाहाचा डेटा गोपनीय असतो, त्यावर काम करणारा माझा मित्र परवानगीतच अडकला होता. कृष्णेचं तसं नाही, बराचसा इंडिया-डब्ल्यूआरआयएस या सरकारी वेबसाइटवर मिळतो. मात्र नदीतले मासे, जीवाणू असलं काही तपासायला देशाबाहेर न्यायचं असेल तर जैवविविधता कायदा लागतो, आधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडं चौकशी कर. आणि वडनेरे समितीचा अहवाल वाचलास का? २०१९ च्या पुरावरचा. विषय त्यातूनच सापडेल.

मिरजेची_पूर्वा: खूप खूप धन्यवाद सगळ्यांना 🙏 अहवाल निम्मा वाचलाय, आता नकाशे समोर ठेवून परत वाचते. पाणक्या दादा, लेंटच्या त्या पन्नास घरांबद्दल इंग्रजीत वाचायला मिळेल का कुठं? मामाचं घर पूररेषेत येतं, त्यामुळे ते कळायलाच पाहिजे मला.

पाणक्या: 'रूम फॉर द रिव्हर' म्हणून शोध, भरपूर मिळेल. माझ्या फील्ड ट्रिपच्या नोट्सही आहेत, रविवारी स्कॅन करून टाकतो इथं.