मदत हवी आहे: अमेरिकन फुटबॉलमध्ये सॅकचा दोष फळीचा की क्वार्टरबॅकचा, हे कसे ओळखावे?

नमस्कार. एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या 2024 च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याची प्रक्रिया) पहिल्या क्रमांकावर निवडलेला क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) केलेब विल्यम्स पहिल्याच हंगामात 68 वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला, तरीही 2025 मध्ये त्याच्या शिकागो बेअर्स संघाने दहाव्या क्रमांकाची निवड आक्रमक फळीसाठी (क्वार्टरबॅकचे रक्षण करणारे खेळाडू) न वापरता टाइट एंड (चेंडू झेलणारा आणि प्रतिस्पर्ध्यांना अडवणाराही खेळाडू) कोल्स्टन लवलँडसाठी वापरली. ड्राफ्टमधील निवडी इतर संघांना देऊन जो थुनी आणि जोना जॅक्सन हे गार्ड (याच फळीतील आतल्या जागेचे खेळाडू) त्यांनी आधीच मिळवले होते, त्यामुळे हा निर्णय मला पटतो. माझी खरी अडचण खेळाडू पारखण्याची आहे. चित्रफीत थांबवून थांबवून पाहताना डाव्या टॅकलचे (फळीच्या डाव्या टोकाच्या खेळाडूचे) पहिले पाऊल उशिरा पडलेले दिसते, पण त्याच खेळीत क्वार्टरबॅकनेही चेंडू फार वेळ हातात धरून ठेवलेला असतो. अशा वेळी दोष कोणाच्या खात्यावर मांडावा आणि त्यावरून पुढील निवडीची गरज कशी ठरवावी, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.