पाळणाघरात लसीकरण कार्ड मागितलं, यात माझं काय चुकलं?

अंगणातली_चिमणी
डोंबिवलीत गेली ११ वर्षं पाळणाघर चालवते. सध्या २२ मुलं आहेत. सगळ्यात धाकटं ७ महिन्यांचं, सगळ्यात मोठी शाळा सुटल्यावर येणारी चौथीतली मुलगी. या जूनपासून मी प्रवेशाचा नियम बदलला. मुलाच्या वयाप्रमाणे सरकारी वेळापत्रकातल्या सगळ्या लशी झालेल्या हव्यात आणि कार्ड दाखवायला हवं. म्हणजे दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लशी, ९ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस, १६ ते २४ महिन्यांत दुसरा, त्याच वेळी त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) पहिला बूस्टर आणि ५ वर्षं झाली की दुसरा. काही राहिलं असेल तर पूर्ण करायला ३० दिवस.

पूर्वी मी फक्त 'लशी झाल्यात ना?' असं विचारायचे आणि 'हो हो' ऐकून पुढच्या कामाला लागायचे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत चार वर्षांच्या एका मुलाला गोवर झाला. घर बदललं त्या गडबडीत त्याचे दोन्ही डोस राहिले होते. तो आठवडाभरात बरा झाला. पण त्याच खोलीत झोपणाऱ्या आठ महिन्यांच्या बाळाला त्याच्यापासून लागण झाली, पुढे न्यूमोनिया झाला आणि नऊ दिवस ते रुग्णालयात होतं. त्याच्या लशीची वेळच आली नव्हती. त्याच्या आईने मला एका शब्दाने दोष दिला नाही. मला मात्र अजून झोपेत त्या बाळाचं कण्हणं ऐकू येतं.

नवा नियम कळवला तर दोन पालकांनी मुलं काढून घेतली. एकांनी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'सरकार सक्ती करत नाही, मग तुम्ही कोण?' प्रश्न मनाला लागला म्हणून इथे मांडते आहे. ज्यांना माझं चुकतंय असं वाटतं त्यांनी मोकळेपणाने सांगावं.

खाडीकाठ
ताई, विरोधात लिहितोय, राग मानू नका. भारतात कुठलीही लस सक्तीची नाही. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की कुणालाही बळजबरीने लस देता येणार नाही, शरीरावर ज्याचा त्याचा हक्क आहे. त्याआधी २०१९ मध्ये दिल्लीच्या शाळांतल्या गोवर-रुबेला मोहिमेत पालकांची संमती हवीच, असं दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं होतं. 'लस घ्या, नाहीतर मूल ठेवणार नाही' असं म्हणणं म्हणजे नोकरी करणाऱ्या आईबापांचा हात पिरगाळणंच आहे. पाळणाघर नसेल तर कुणीतरी एकाने घरी बसायचं, आणि ते कोण बसतं हे सगळ्यांना माहीत आहे.

माझ्या मुलीला दीड वर्षाची असताना त्रिगुणीच्या बूस्टरनंतर रात्री ताप चढला आणि आकडी आली. डोळे फिरलेले, ओठ निळे. मी तिला उघड्या पायांनी खाली घेऊन धावलो. दुसऱ्या दिवशी आमचे डॉक्टर म्हणाले, 'होतं असं.' दोन शब्दांत संपवलं. गोवराचे दोन्ही डोस, पोलिओ, सगळं मी तिला दिलंय. पण ५ वर्षांचा त्रिगुणीचा बूस्टर मी देणार नाही. तुमच्या नियमात माझी मुलगी बाहेर. मी काही लसविरोधी माणूस नाही, हे तुमच्या कार्डावर कुठे लिहिणार?

कृष्णाकाठचा_बालवैद्य
सांगली भागात २३ वर्षं बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. खाडीकाठ, आधी तुमच्याबद्दल. 'होतं असं' हे उत्तर नव्हे. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला बसवून सांगायला हवं होतं. ६ महिने ते ५ वर्षं या वयात ताप चढताना काही मुलांना आकडी येते, मग तो ताप लशीने आलेला असो की सर्दीने. दिसायला भयंकर असतं, पण अशा साध्या आकडीने मेंदूला इजा होत नाही, आणि तेवढ्यावरून पुढचा डोस टाळायचा नसतो. डांग्या खोकल्याचा घटक असलेली लस पुन्हा द्यायची नाही असं आम्ही ठरवतो ते वेगळ्या कारणाने: लशीनंतर ७ दिवसांत मूल बेशुद्ध होणं किंवा आकड्यांवर आकड्या येणं, आणि त्याला दुसरं कारण न सापडणं. तुमच्या मुलीचं तसं नसेल तर खासगीत मिळणारी, कमी ताप आणणारी त्रिगुणीही चालते. तिची जुनी कागदपत्रं घेऊन कुणाकडे तरी नीट बसा.

आता न्यायालयाबद्दल. २०२२ चा तो निकाल कोविडच्या लशीचा होता. लस घेतलेल्या माणसाकडून संसर्ग पसरण्याचा धोका न घेतलेल्यापेक्षा बराच कमी आहे, हे दाखवणारी माहिती न्यायालयासमोर आली नव्हती, म्हणून तेव्हाचे निर्बंध त्याला प्रमाणाबाहेर वाटले. सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणात निर्बंध घालता येतात, हेही त्याच निकालात आहे. गोवराची लस पसरणंच थांबवते. तो निकाल इथे जसाच्या तसा लावता येणार नाही.

पालक मला नेहमी म्हणतात, 'आजारी पडला तर घरी ठेवू की!' गोवरात ते चालत नाही. अंगावर पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून मूल दुसऱ्याला लागण करत असतं. तेव्हा नुसतं नाक वाहतं, डोळे लाल असतात. आजारी मूल खोलीतून गेल्यावरही विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत राहतो. लस न घेतलेल्या वस्तीत एकापासून १२ ते १८ जणांना लागण होऊ शकते, म्हणून १०० पैकी ९५ मुलांना दोन डोस हवेत असं आम्ही म्हणतो. ९ महिन्यांना दिलेला पहिला डोस साधारण ८५ टक्के मुलांनाच लागू पडतो, कारण आईकडून आलेली प्रतिकारद्रव्यं तेव्हा थोडी शिल्लक असतात. दुसरा डोस हा वरखर्च नाही.

आणि माझ्याकडे रक्ताच्या कर्करोगाचे उपचार चालू असलेली मुलं येतात. केमो चालू असताना गोवराची लस देता येत नाही. त्यांच्याभोवतीच्या मुलांनी घेतलेली लस हेच त्यांचं कवच.

तांड्यावरची_नर्सबाई
मी बीड जिल्ह्यात आरोग्यसेविका आहे. सगळं आयुष्य लशी टोचण्यात गेलं, तरीही सांगते, कार्डाशिवाय दार बंद हा नियम मला मान्य नाही.

आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बाळ गावात जन्मतं, पहिल्या लशी गावात होतात, नववा महिना कोल्हापूरकडच्या फडात लागतो, सोळावा परत गावात. कार्ड कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, भिजतं, नाहीतर ट्रॅक्टरवरून पडतं. आई सांगते, 'दोन सुया झाल्या, कोणत्या ते माहीत नाही.' एका शाळेत अशा मुलीला 'आधी कार्ड आणा, मग बघू' म्हणून परत पाठवलं. आई कार्ड शोधायला गेली नाही. मुलीला घेऊन फडावर गेली. लस तर राहिलीच, शाळाही सुटली.

शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वयाचा दाखला नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. लशीच्या कागदावरून नाकारायला निघालो, तर ज्यांना लस सगळ्यात जास्त हवी तीच मुलं पहिली बाहेर पडतील. कार्ड मागाच, मी तर म्हणते प्रत्येक अंगणवाडीत आणि पहिलीच्या वर्गात मागा. पण नसेल तर मुलाला आत बसवा आणि आम्हाला फोन करा. नोंद सापडली नाही तर डोस झाला नाही असं धरून आम्ही पुन्हा देतो, जास्तीच्या डोसाने अपाय होत नाही. गोवर-रुबेला ५ वर्षांपर्यंत आणि त्रिगुणी ७ वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात फुकट मिळते.

नेकारकाठची_आई
जर्मनीत, श्टुटगार्टला राहते. इथे १ मार्च २०२० पासून गोवराचा कायदा आहे. दोन वर्षांवरच्या मुलाचे दोन डोस झाल्याचं दाखवल्याशिवाय पाळणाघरात घेतच नाहीत. शाळेत मात्र मूल नाकारता येत नाही, कारण शाळा सक्तीची आहे. तिथे पालकांना २५०० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. पालक न्यायालयात गेले होते, २०२२ मध्ये इथल्या घटनात्मक न्यायालयाने कायदा कायम ठेवला. नर्सबाई म्हणतात तो फरक इथे कायद्यातच केलाय, पाळणाघर वेगळं, शाळा वेगळी. चिमणीताईंचा नियम मला म्हणूनच अन्यायाचा वाटत नाही.

तांबडी_माती
माझं वय ७४. आमच्या लहानपणी देवी डॉक्टर गावात आला की बायका पोरांना कणगीमागे लपवायच्या. माझ्या धाकट्या काकाला असंच लपवलं होतं. पुढे त्याला देवी आल्या, वाचला, पण एक डोळा गेला. माझ्या दंडावर देवीच्या लशीचे दोन वण आहेत. मुंबईत १८७७ च्या कायद्याने देवीची लस सक्तीची केली होती, आणि लोक त्या सक्तीलाच घाबरून पळायचे. माझ्या आजीला लशीची भीती नव्हती, शिपायाची होती. मी चिमणीच्या बाजूने आहे. पण पोरी, कार्ड मागताना तुझा आवाज शिपायासारखा लागू देऊ नकोस एवढंच.

दोन_पिल्लांची_आई
पुण्यातून. माझा मुद्दा पैशांचा आहे. धाकट्याच्या बालवाडीने यंदा यादी दिली, त्यात कांजिण्या, कावीळ अ, टायफॉइड आणि दरवर्षी फ्लू. यातलं काहीही सरकारी केंद्रात मिळत नाही. कांजिण्यांचा एक डोसच दोनेक हजारांचा, आणि तो दोनदा. बालरोगतज्ज्ञांची संघटना या लशींची शिफारस करते हे ठीक, मला जमेल तेव्हा मी देईन. पण प्रवेशाची अट म्हणून? माझ्याकडे घरकाम करणाऱ्या ताईंचा मुलगा त्याच बालवाडीत जाणार होता, यादी बघून त्यांनी विचार सोडला. अट घालायची तर फुकट मिळणाऱ्या लशींचीच घाला.

अंगणातली_चिमणी
सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. माझी यादी सरकारी वेळापत्रकाचीच आहे आणि तीच राहील.

नर्सबाई, तुमचं वाचून मी फॉर्म बदलला. आता त्यात लिहिलंय: 'कार्ड नसेल तर मूल पहिल्या दिवसापासून यावं. कार्ड शोधायला किंवा लस घ्यायला आम्ही सोबत येऊ.' आमच्या भागातल्या महापालिकेच्या दवाखान्यात मी स्वतः दोन मुलांना घेऊन गेले. पण नव्याने येणाऱ्या मुलाचा गोवराचा डोस राहिला असेल, तर तो होईपर्यंत त्याला तान्ह्यांच्या खोलीत जाता येणार नाही. हे मी सोडणार नाही. २०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवर पसरला तेव्हा मुंबईत डझनाहून जास्त मुलं दगावली. तेव्हा सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही वेळेआधी जादा डोस द्यायची वेळ आली होती. माझ्याकडून रोज २२ मुलं घरी परत जातात, त्यांतलं एकही गोवर घेऊन जाऊ नये.

खाडीकाठ, तुमच्यासाठीही एक ओळ घातली. डॉक्टरांनी लिहून दिलं तर ती लस माफ. तुमची मुलगी माझ्याकडे असती तर गोवराचे दोन्ही डोस झालेत म्हणून मी तिला त्याच दिवशी घेतलं असतं. बूस्टरबद्दल मात्र डॉक्टरांचं पत्र मागितलं असतं.

खाडीकाठ
आणि डॉक्टर म्हणाले, पत्र देता येत नाही, लस घ्या?

अंगणातली_चिमणी
तर मी तुम्हाला लस घ्या म्हणेन. डांग्या खोकलाही तान्ह्यांनाच जास्त मारतो, दादा. सहा आठवडे होईपर्यंत त्यांना त्याची पहिली लसही मिळालेली नसते. टोचायला जाताना सोबत हवी असेल तर मी येईन, रात्री ताप बघायला फोनवर जागी राहीन. पण पत्रही नाही आणि लसही नाही, यावर मी हो म्हणणार नाही.

खाडीकाठ
मग आपलं जमत नाही. सक्ती मला आजही पटलेली नाही. पण 'सोबत येईन' असं त्या रात्रीनंतर कुणी म्हणालं नव्हतं. बालवैद्य, आकडीच्या वेळची केसपेपरची झेरॉक्स माझ्याकडे आहे. तापाच्या नोंदी नाहीत. तेवढ्यावर दुसऱ्या डॉक्टरांना काही सांगता येईल का?

कृष्णाकाठचा_बालवैद्य
येईल. आकडी किती मिनिटं टिकली, एका बाजूला आली की दोन्ही, नंतर ती किती वेळाने ओळखायला लागली, हे तिची आई आणि तुम्ही मिळून आजच लिहून काढा. घरात कुणाला फीट येत असेल तर तेही. हा कागद झेरॉक्ससोबत न्या.