उमय्यद दिरहमवरचं साल कसं वाचायचं?

शनिवारपेठी: चांदीचा दिरहम, वजन २.९ ग्रॅम, कुफी (जुनी कोनदार अरबी) लिपी, टांकसाळ वासित (इराक). कडेच्या ओळीत साल ७३ लागतंय. इसवी सन किती धरू?

मोडीवाला: ७३ असणार नाही. उमय्यद घराण्यातल्या खलिफा अब्द अल-मलिकने ससानी (इराणच्या जुन्या घराण्यातल्या) राजाची छबी काढून निव्वळ अक्षरांचे दिरहम पाडले ते हिजरी ७८-७९ पासून. वासित शहर तर त्याचा इराकचा सुभेदार हज्जाजने त्यानंतर वसवलं. तुमचं साल ९३ आहे. या नाण्यांवर नुक्ते (अक्षरांचे ठिपके) नसतात, त्यामुळे 'सबईन' (७०) आणि 'तिसईन' (९०) सारखेच दिसतात. भिंगाखाली अक्षरांचे दाते (छोट्या उभ्या रेघा) बघा. कोरणारे कधीकधी एक दाता उंच काढून फरक दाखवत.

आणि वाचताना आधी एकं, मग दहं: 'सलास व तिसईन'. पेशवे दफ्तरातल्या शुहूर सनाचा 'सलास तिसैन' वाचलाय ना? तोच हिशोब.

शनिवारपेठी: मग शुहूर सनासारखे ५९९-६०० मिळवू?

कसबेकर: अजिबात नको! शुहूर सौर आहे, हिजरी चांद्र. वर्ष ३५४-३५५ दिवसांचं. ०.९७ ने गुणा, ६२२ मिळवा: ९३ चे ७१२ येतात. नेमकं बोलायचं तर ऑक्टोबर ७११ ते ऑक्टोबर ७१२. म्हणजे अरब सेनापती मुहम्मद बिन कासिम सिंधमध्ये होता तेव्हाचं नाणं. त्याला धाडणारा हज्जाजच.

कडेवर सांध्याची रेघ किंवा पृष्ठावर बारीक बुडबुडे दिसले तर मात्र ओतीव नक्कल समजा. अस्सल नाणं ठोकून पाडलेलं असतं.