सणासुदीला घरात दारू: तुम्ही कसं निभावलंत?

मी नागपूरच्या महाल भागात वाढलो. पोळा जवळ आला की आई पैसे तांदळाच्या डब्यातून काढून तुरीच्या डाळीत लपवायची. पोळ्याला बाबा कसेबसे सावरायचे. दुसऱ्या दिवशी कर, म्हणजे खाण्यापिण्याचा दिवस. "आज तर कर आहे न" म्हटलं की त्यांना कोणीच अडवत नसे. त्या सकाळी मारबत निघते, म्हणजे इडा-पिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" ओरडताना मी मनात बजावायचो, बाबांना नेऊ नको, बाटली ने. संध्याकाळी तान्हा पोळा. बाकीची पोरं लाकडी बैल घेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरायची, मी बैल धरून गल्लीच्या तोंडाशी उभा. बाबांची चाल दुरूनच कळायची. ती पाहून पळत जाऊन आईला सांगायचं, हे माझं काम होतं. वय वर्षं आठ.

दिवाळी तोंडावर आहे. तुमच्याकडे काय व्हायचं, कशाने निभलं, काय अंगाशी आलं, लिहा. नावं नकोत.

मानेवाड्याहून, मुलगी

आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण रात्री असायचं. पन्नास पानं उठायची आणि बाबा आठ वाजता झोकांड्या खात यायचे. एका वर्षी मी त्यांची बाटली मोरीत ओतली. ते दुसरी आणायला तशाच अवस्थेत गाडी घेऊन निघाले आणि चौकात पडले. पायाला प्लेट आहे अजून. तेव्हापासून बाटली शोधणं सोडलं, किल्ली मात्र लपवते. जेवण दुपारी बाराला आणलं. त्या वेळी बाबा शुद्धीत असतात, आरती स्वतः म्हणतात. नातेवाईक कुरकुरले, "रात्रीचा मान असते बाप्पा". आई पहिल्यांदाच ठाम राहिली.

हुडकेश्वरहून, मुलगा

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात. तिथे दारूबंदी, म्हणून आईने ठरवलं की दिवाळी गावीच करायची. बाबा दरवर्षी बॅगेतून न्यायचे. एका वर्षी आम्ही बॅग तपासली आणि सगळं काढून घेतलं. आम्हाला वाटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी हात असे थरथरू लागले की चहाचा कप धरवेना. रात्री फिट आली. नरकचतुर्दशीच्या पहाटे ते भिंतीवरच्या मुंग्या झटकत होते. मुंगी एकही नव्हती. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, नंतर भ्रम होतो, जीवही जातो. सोडवायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन. हे आधी कोणी सांगितलं असतं तर! म्हणून इथे लिहून राहिलो. सणासाठी कोणाची दारू घरच्या घरी तोडू नका.

नाव-गाव नको

माझी आई प्यायची. वडिलांबद्दल लोक निदान बोलतात. आईबद्दल मामांनाही सांगता आलं नाही. "तिला बरं नाही" हेच वाक्य वीस वर्षं.

सक्करदऱ्याहून

ओळखीच्या एकाने भाजीत कालवायची पावडर दिली, "कळणारही नाही" म्हणे. लक्ष्मीपूजनाला बाबा नेहमीसारखे पिऊन आले, जेवले, आणि चेहरा लालबुंद, उलट्या, छातीत धडधड. ते डायसल्फिराम निघालं, वरून दारू घेतली की त्रास व्हावा म्हणून देतात ते औषध. पिणाऱ्याला माहीत असल्याशिवाय ते द्यायचंच नसतं. बाबा वाचले. पण माझ्या हातचं जेवताना अजून ताटाकडे पाहतात.

प्रतापनगरहून, सून

मला अल-ॲनॉनच्या मीटिंगने तारलं. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी असते ती, १९५१ पासून जगभर चालते. तिथे पहिल्यांदा ऐकलं की हे मी घडवलं नाही आणि माझ्या हातून आवरणारही नाही. सासरे पितातच. मी पाहुण्यांपुढे पांघरूण घालणं थांबवलं. भाऊबीजेला मुलांना घेऊन सकाळीच माहेरी जाते, आणि का जाते ते सासऱ्यांना ते शुद्धीत असताना सांगते.

अकरावीत आहे

आमच्याकडे आजच सुरू झालं. बाबांना बोनस मिळाला. लहान बहीण घाबरते. मी काय करू?

महाल

बाळा, आज त्यांच्याशी वाद घालू नकोस. प्यायलेल्या माणसाला समजावता येत नाही. बहिणीला घेऊन शेजारच्या काकूंकडे बस, अभ्यासाचं दप्तर सोबत ने. हात उचलला तर ११२ लाव. मुलांसाठी १०९८ आहे. नुसतं बोलायचं असेल तर १४४१६, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, रात्रीही उचलतात, मराठीत बोलतात. बाबांचं उद्या पाहू.

मानेवाडा

जेवलात का दोघं? पोहोचलात की लिही. मी जागी आहे.