टोचणी, कीव की कळवळा?

एक शब्द हवाय. काही चुकलं की मी स्वतःलाच झापतो, गाढवा, एवढंही जमेना तुला वगैरे, पोराला कधी असलं बोललो नाही. फादर म्हणाले स्वतःकडे जरा करुणेनं बघ. पण हे बोली मराठीत म्हणायचं कसं? 'स्वतःची कीव' म्हटलं तर वसईतले आमचे मित्र म्हणतील पुरुषासारखा पुरुष आणि रडत बसलाय.

—

कीव नकोच, ती वरून खाली बघून येते, दयेचंही थोडं तसंच. बायबलात येशूला गर्दी बघून काय येतो? कळवळा. मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांवरून आलंय, म्हणजे आपलं 'आतडं तुटणं' अगदी तेच! भाषांतरकाराला इथं फार डोकं खाजवावं लागलं नसेल.

—

आणि तुम्ही करताय त्याला आपल्यात टोचणी म्हणतात. लॅटिनमध्ये त्यासाठी स्क्रुपुलुस, अर्थ बारीक टोकदार खडा, चपलेत जातो ना तसा. संत इग्नेशियस, तोफगोळ्यानं पाय मोडलेला शिपाईगडी, १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसा गावी असताना तीच तीच जुनी पापं परत परत कबूल करायचा, तरी समाधान नाही, जीव द्यावासा वाटण्यापर्यंत गेलं. शेवटी ठरवलं की झालेलं आता पुन्हा कबूल करायचं नाही. पश्चात्ताप माणसाला घरी आणतो, टोचणी नुसती गोल गोल फिरवते, माझ्या मते फरक एवढाच.

—

खडा पटला. पण 'मला माझा कळवळा आला' हे कानाला खटकतं हो.

—

खटकणारच, कारण कळवळा दुसऱ्याला येतो. बायबलातलं लूक १५ बघा, बापाचा पैसा उडवून घरी परतणाऱ्या उधळ्या मुलाची गोष्ट. पोरगं वाटेत भाषण पाठ करतं, मुलगा म्हणवून घ्यायची लायकी नाही, मला मोलकऱ्यासारखं ठेवा. बापाला लांबूनच कळवळा येतो, तो धावत जाऊन गळ्यात पडतो आणि ते मोलकऱ्याचं वाक्य पोराच्या तोंडून निघायच्या आधीच झगा आणा, अंगठी आणा सुरू करतो. तुम्ही त्याच वाक्यावर अडकलाय. म्हणून 'माझा त्याला कळवळा आहे' असं म्हणा, त्याला म्हणजे देवबापाला, व्याकरणही सुटतं.

—

हे बरंय. काल परत गाडीची किल्ली आतच राहिली, तोंडात 'गाढवा' आलंच, पण पुढचं सगळं गिळलं.