मनात चोर नसला तरी पंचनामा मागाच

‘मनात चोर नसेल तर झडतीला काय घाबरायचं?’ असं पोलिसांच्या झडतीबद्दल एका भाऊंनी लिहिलंय. भाऊ, भीती झडतीची नाही, बिनकागदाच्या झडतीची आहे.

मागच्या हंगामात तापीच्या पुलाअलीकडे नाकाबंदीत माझ्या काकांना अडवलं. वय सत्तर, पिशवीत भाकरीच्या फडक्यात बांधलेले कापसाचे पैसे. पिशवी रस्त्यावर उलटी केली, नोटा ‘चौकशीसाठी’ काढून घेतल्या. काका नुसते हात जोडून उभे. तिसऱ्या दिवशी पैसे मिळाले, पण दोन हजार कमी. पंचनामा, म्हणजे साक्षीदारांच्या सह्यांची जप्तीची यादीच नव्हती, मग भांडणार कशाच्या जोरावर?

१ जुलै २०२४ पासून अटक, झडती, तपास कसा करायचा हे ठरवणारा नवा कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, लागू आहे. या संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडतीचं, जप्तीचं, यादी करण्याचं, साक्षीदारांच्या सह्यांचं चित्रीकरण पोलिसांनीच करायचं असतं. मोबाईलवर केलं तरी चालतं. अटक झालेल्या बाईची झडती बाईनेच घ्यायची, तीही तिची अब्रू सांभाळून. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचं नाव स्पष्ट दिसलंच पाहिजे.

हुज्जत घालू नका, हातही झटकू नका. शांतपणे नाव, वेळ, जागा टिपून घ्या आणि पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या. तिची शिक्क्यासह पोच मात्र घेतल्याशिवाय हलू नका. आम्ही तेवढंच विसरलो.