ग्लुटेन सोडण्याआधी एक तपासणी करा

पीसीओएस (अंडाशय आणि हार्मोन्सचा विकार) आहे, पोट सतत फुगतं, म्हणून उद्यापासून गहू बंद करते असं तुम्ही लिहिलंय. कळकळीने सांगते, आधी सिलिअॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते त्या आजाराची, रक्ततपासणी (टीटीजी-आयजीए) करून घ्या. ती ग्लुटेन खात असतानाच करायची असते. नाहीतर आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. मी हीच चूक केली आणि तपासणीसाठी पुन्हा सहा आठवडे गहू खावा लागला.

सिलिअॅक नसेल तर ग्लुटेन सोडून पीसीओएस सुधारतो याला भक्कम पुरावा नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही कुठलाच एक आहार सरस ठरवलेला नाही. पोट फुगतं ते पुष्कळदा गव्हातल्या फ्रुक्टन या कर्बोदकामुळे. मेटफॉर्मिन (पीसीओएसमध्येही देतात ते मधुमेहाचं औषध) चालू आहे का? त्यानेही पोट बिघडतं.

आणि 'ग्लुटेन-फ्री' बिस्किटांच्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचाच. माझ्या हातातल्या पाकिटावर तांदळाचं पीठ, स्टार्च, साखर, फायबर नावापुरतं. आतड्यातले चांगले जिवाणू मुख्यतः फायबरवर जगतात. शिवाय अशा खाण्याने साखर झपाट्याने चढते, इन्सुलिन वाढतं, आणि वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला जास्त अँड्रोजेन (पुरुषी हार्मोन्स) बनवायला लावतं. डाळी, कडधान्यं, भाज्या हळूहळू वाढवा. एकदम वाढवल्या तर गॅस होतो.